अडासच्या वॉर्निंग: काही महिने वापरल्यानंतर काय कळलं

पुढच्या काचेमागे आरशाजवळ कॅमेरा, ग्रिलच्या खाली रडार, मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत छोटी रडार आणि पुढे-मागे पार्किंग सेन्सर, असा माझ्या गाडीचा अडास, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा (ADAS), आहे. आता बरेच महिने रोज वापरतोय. अडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणारी सोय) आणि ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या गाडीचा इशारा, या दोन गोष्टी मला नसल्या तर आता चुकल्यासारखं वाटेल. पण लिहायचं आहे ते वॉर्निंगबद्दल, कारण बरेच जण तिथेच वैतागतात आणि सगळंच बंद करून टाकतात. कृपा करून तसं करू नका.

आधी मेसेजचे शब्द नीट वाचा. ‘तात्पुरतं उपलब्ध नाही’ आणि ‘सिस्टीम तपासून घ्या’ यांत मोठा फरक आहे. पहिला मेसेज आला तर बहुतेक वेळा सेन्सरला नीट दिसत नसतं, एवढंच. समोरून येणारं मावळतीचं ऊन, धुकं, काचेच्या आतल्या बाजूला जमलेली वाफ, झिजलेल्या वायपरने कॅमेऱ्यासमोरच ओढलेला पाण्याचा पट्टा, हे सगळं मी अनुभवलंय. कडक उन्हात गाडी उभी राहिली की कॅमेरा तापतो आणि स्वतःहून बंद होतो. एसी लावून काच थोडी गार झाली की परत येतो. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. वायपरचं रबर मात्र वेळेवर बदला.

रडारला ऊन आणि अंधार सारखेच, पण चिखल आणि पाण्याचा थर त्याला आडवा येतो. त्याच्यासमोर धातूचं गार्ड, चकचकीत स्टिकर किंवा जाड नंबरप्लेट फ्रेम बसवू नका. एक गोष्ट मॅन्युअलमध्ये कोपऱ्यात दिलेली असते: मोकळ्या सपाट रस्त्यावर, आजूबाजूला काहीच नसताना, रडारला परत येणारे सिग्नल फारच कमी मिळतात आणि ते ‘सेन्सर झाकला गेलाय’ असं समजतं. वस्ती लागली की मेसेज जातो.

खरी कसोटी लागते ती डॅशबोर्डवर एकदम चार-पाच दिवे पेटतात तेव्हा. माझ्या गाडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम), स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की सावरणारी), आपोआप लागणारं इमर्जन्सी ब्रेकिंग, क्रूझ, सगळं एका क्षणात गेलं. सर्व्हिस सेंटरवाल्यांचा पहिला सल्ला होता, रडार बदला. मला ते पटलं नाही. इतक्या सिस्टीम एकदम पडतात तेव्हा त्या सगळ्यांना लागणारी एखादी गोष्ट बिघडलेली असण्याची शक्यता जास्त. इमर्जन्सी ब्रेकिंग प्रत्यक्ष ब्रेक लावतं ते स्टॅबिलिटी कंट्रोलमार्फत, आणि त्याला चारही चाकांचा वेग कळावा लागतो. सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, वाचणाऱ्या स्कॅनरवर मागच्या एका चाकाच्या स्पीड सेन्सरचा बिघाडाचा कोड निघाला. कनेक्टरमध्ये ओल आणि घाण होती. साफ करून घट्ट बसवला, दिवे गेले. गाडीच्या तपासणी सॉकेटला (ओबीडी) लावायचे स्वस्तातले स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड दाखवतात, त्यांत काही नाही दिसलं म्हणून निष्कर्ष काढू नका.

बारा व्होल्टची बॅटरी अशक्त असेल तरी असाच गोंधळ होतो. स्टार्ट मारताना व्होल्टेज पडतं, मॉड्यूल एकमेकांशी बोलेनासे होतात आणि ‘यू’ने (U) सुरू होणारे, म्हणजे संपर्क तुटल्याचे, कोड रांगेने साठतात. अशा वेळी आधी बॅटरी तपासा, कोड नोंदवून पुसा, आणि परत कोणता येतो ते पाहा. परत येतो त्याच्याच मागे लागायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढची काच बदलल्यावर काच बसवणाऱ्याने मला सांगितलं, ‘दिवा लागला नाही ना, मग सगळं ठीक आहे.’ हे धोकादायक आहे. कॅमेरा किंचित वाकडा बसला तरी दिवा लागेलच असं नाही. एक अंशाची चूक शंभर मीटरवर सुमारे पावणेदोन मीटर होते, म्हणजे जवळजवळ अर्धी लेन. माझं लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवणारी सोय) गाडीला सतत एका बाजूला ओढत होतं. कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची दिशा नेमकी जुळवणं, करून घेतल्यावर ते थांबलं. सपाट जमीन, टायरमध्ये बरोबर हवा, डिकी रिकामी, मग समोर ठरलेल्या अंतरावर टार्गेट बोर्ड. काही गाड्यांना त्याऐवजी किंवा त्यानंतर स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवावं लागतं. काम झाल्याचा रिपोर्ट मागून घ्या. व्हील अलाइनमेंट किंवा बंपरचं काम झालं असेल तरी कॅलिब्रेशन लागतं का, हे विचाराच.

पार्किंग सेन्सरचं सोपं आहे. गाडी हलणार नाही अशी हँडब्रेकवर उभी ठेवा, आतल्या माणसाला ब्रेक दाबून रिव्हर्स टाकायला सांगा आणि बाजूने हात लांब करून प्रत्येक सेन्सरवर बोट ठेवा. चालू सेन्सरची बारीक टिकटिक बोटाला जाणवते. ज्यात जाणवत नाही, तिथून शोध सुरू करा.

एक तक्रार अजून आहे. स्क्रीनवर ‘पुढचा सेन्सर’ एवढंच येतं; कॅमेरा की रडार, हे सांगत नाही. म्हणून सुरक्षित जागी गाडी थांबवून मी लगेच डॅशबोर्डचा फोटो काढतो आणि पाऊस, ऊन, वेग काय होता ते लिहून ठेवतो. अधूनमधून येणारा बिघाड गॅरेजमध्ये हमखास लपतो, तेव्हा ही नोंदच मेकॅनिकच्या कामी येते.