श्वासाच्या स्नायूंसाठीचे थ्रेशोल्ड उपकरण: सहा महिन्यांच्या वापरानंतर

माझा धाकटा भाऊ दीड वर्षापूर्वी मे महिन्यात आंबे काढताना झाडावरून पडला आणि त्याच्या मज्जारज्जूला मानेतील सहाव्या पातळीवर इजा झाली. हातापायांच्या व्यायामाविषयी आम्हाला पुष्कळ सांगण्यात आले. श्वासाविषयी मात्र घरी सोडताना तीन रंगीत गोळ्यांचा स्पायरोमीटर (श्वास ओढून गोळ्या वर उचलायचे साधन) हाती देऊन ‘रोज ओढत जा’ एवढेच सांगितले गेले. त्याच पावसाळ्यात साधी सर्दी छातीत उतरली, कफ सुटेना, आणि त्याला पुन्हा अकरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. त्यानंतर काही महिन्यांनी घरी येऊ लागलेल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी आम्हाला स्प्रिंगच्या झडपेचे थ्रेशोल्ड उपकरण, म्हणजे ठरावीक जोर लावल्याशिवाय हवा आत न देणारी नळी, घ्यायला लावले. सहा महिने रोज हाताळल्यानंतर, अशाच घरांना उपयोग व्हावा म्हणून त्याविषयी लिहीत आहे.

आधी दुखणे समजून घ्यावे लागते. श्वासपटलाची, म्हणजे फुप्फुसांखालच्या श्वासाच्या मुख्य स्नायूची, नस मानेतील तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघते, म्हणून भावाचे श्वासपटल शाबूत आहे. पण बरगड्यांमधील आणि पोटाचे स्नायू इजेच्या खाली येत असल्यामुळे निकामी झाले आहेत. दोन बैलांचे औत एकट्या बैलाने ओढावे, तसे श्वासपटलाला सगळे काम करावे लागते. बसवल्यावर पोट सैल पडून पुढे येते, श्वासपटल खाली ओघळते आणि त्याची ओढ कमी होते. म्हणूनच अशा माणसाला बसण्यापेक्षा आडवे असताना श्वास बरा घेता येतो, ही गोष्ट मला तोवर उलटीच वाटत होती. पोटाला पट्टा बांधून बसवले की फरक लगेच जाणवतो.

उपकरण म्हणजे मुठीत मावणारी पारदर्शक प्लास्टिकची नळी. तिच्या आत स्प्रिंगने दाबून धरलेली झडप आहे, बाजूला ९ ते ४१ सेंटीमीटर पाण्याच्या दाबापर्यंतची मोजपट्टी आहे आणि टोकाची कळ फिरवून दाब ठरवता येतो. ठरवलेला दाब ओढणाऱ्याच्या स्नायूंनी निर्माण केला नाही, तर झडप उघडतच नाही. गोळ्यांच्या स्पायरोमीटरशी तुलना इथेच संपते, कारण गोळी वर जाते ती हवेच्या वेगावर. भावाने झटक्यात छोटा श्वास ओढून पहिली गोळी उचलण्याची युक्ती साधली होती आणि आम्ही सारे टाळ्या वाजवत होतो. स्नायूंवर ओझे असे काही पडतच नव्हते. स्पायरोमीटर फुप्फुसे फुलवायला उपयोगी आहे, पण स्नायूंना ताकद यायची तर ओझे ठरलेले असावे लागते आणि ते हळूहळू वाढवावे लागते.

पहिल्या दिवशी भाऊ घाबरला. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि ओढूनही हवा येईना, तेव्हा त्याने मान हलवून ते काढायला लावले. ताईंनी आदल्या दिवशी दाबमापकावर त्याची जास्तीत जास्त ओढ मोजली होती. ती ३८ सेंटीमीटर भरली, म्हणून त्याच्या ३० टक्के, म्हणजे ११ वर सुरुवात केली होती. त्यांनी कळ ९ वर आणली, श्वास सोडताना काहीही अडथळा नसतो आणि ओठ सैल केले की मोकळी हवा मिळते, हे त्याला दोनदा करून दाखवले. चौथ्या की पाचव्या ओढीला ‘फस्’ असा आवाज होऊन झडप उघडली आणि त्याने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिले.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ, आठवड्यातून पाच दिवस, बारा श्वासांची एक फेरी अशा तीन ते पाच फेऱ्या, असा नेम आहे. सिडनीतील संशोधकांनी हात आणि पाय दोन्ही बाधित असलेल्या ६२ जणांवर सहा आठवडे केलेल्या आणि २०२० मध्ये ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साधारण हेच प्रमाण होते. त्यात तुलनेसाठी खोटे, म्हणजे ओझे नसलेले, उपकरण वापरणाऱ्या गटापेक्षा खरे उपकरण वापरणाऱ्यांची ओढ सरासरी ११.५ सेंटीमीटरने अधिक वाढली आणि श्वासाचे त्रासही कमी झाले. मात्र श्वसनाच्या इतर मापांत लक्षणीय फरक दिसला नाही. आमचा अनुभव याच्याशी जुळतो. भावाची ओढ सहा आठवड्यांनी ४७ आणि आता ५६ भरते, पण स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे फुप्फुसांतली हवा मोजणाऱ्या तपासणीच्या, कागदावर फारसे बदललेले नाही. बदलले आहे ते बोलणे. पूर्वी तो फोनवर चार शब्दांनंतर थांबायचा आणि समोरच्याला वाटायचे, वाक्य संपले; आता तो आत्याशी पूर्ण वाक्यात वाद घालतो.

खोकल्याच्या बाबतीत मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. आत भरलेली हवा वाढली की खोकल्याला थोडे बळ मिळते, परंतु हवा जोराने बाहेर फेकण्याचे काम पोटाच्या स्नायूंचे असते आणि हे उपकरण त्यांना हातही लावत नाही. आम्हाला आजही त्याच्या खोकल्याच्या क्षणी बरगड्यांखाली तळहात ठेवून पोट आत आणि वर ढकलावे लागते. विकणाऱ्या दुकानदाराने ‘हे घेतले की कफाची काळजी मिटली’ असे छातीठोकपणे सांगितले होते. मला ते अजून खटकते, कारण त्याच्या बोलण्यावर विसंबून एखादे घर हाताने खोकवणे सोडून देईल.

उणिवा आहेत. बोटांची पकड नसलेल्या माणसाचा विचार बनवणाऱ्यांनी केलेलाच नाही. नळी गुळगुळीत असल्यामुळे ती भावाच्या हातून निसटायची, म्हणून आईने जुन्या पिशवीचा वेल्क्रो काढून तळहाताभोवती पट्टा शिवला आणि आता तो मनगट वर उचलून नळी स्वतः तोंडाशी नेतो. नाकाचा चिमटा कडक आहे, त्याखाली कापसाची घडी ठेवावी लागते. ज्यांची इजा खालच्या पातळीवर असून ओढ चांगली आहे, त्यांना ४१ ची मर्यादा लवकर अपुरी पडेल. त्यांनी अधिक दाबाचे उपकरण पाहावे. स्पायरोमीटर काही शे रुपयांत येतो, याला काही हजार लागतात, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी ओढ मोजून ओझे वाढवणारे कोणी नसेल तर तो खर्च वाया जाईल.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये; फुप्फुसाबाहेर हवा साठल्याचा त्रास नुकताच झालेला असेल किंवा कानाचा पडदा फाटलेला असेल, तर मुळीच नाही. चक्कर आली तर दोन श्वासांमध्ये अंतर वाढवावे. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल आणि मध्येच डोके ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर उपकरण बाजूला ठेवून आधी सरळ बसवावे, पोटाचा पट्टा व घट्ट कपडे सैल करावेत आणि लघवीची नळी कुठे मुडपली आहे का ते पाहावे, कारण इजेखालच्या अशा अडचणीने रक्तदाब एकदम चढू शकतो. आमच्याकडे असे एकदा झाले. नळी मांडीखाली दबली होती. एवढे करूनही उतार पडला नाही तर वेळ न घालवता डॉक्टरांना गाठावे.

उपकरण एकाच माणसाने वापरायचे असते, त्यामुळे कोणाचे जुने घेऊ नये. ते कोमट साबणाच्या पाण्यात धुवावे, उकळू नये, आणि कोकणातल्या दमट हवेत तर रात्रभर पंख्याखाली पालथे ठेवावे, नाहीतर झडपेशी पाणी साचून राहते.