जुन्या पिकअपला कॉमन रेल इंजिन: उद्यमनगरातल्या गॅरेजचा अनुभव

माझी बोलेरो पिकअप 2008 ची. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने कणकवलीला भाजी न्यायची, आणि सीझनला येताना आंब्याच्या पेट्या. चासी ठणठणीत, पण जुन्या डीआय (साध्या डायरेक्ट इंजेक्शनच्या) इंजिनाचा ब्लॉक आणखी बोअरिंग, म्हणजे झिजलेले सिलिंडर कातून मोठे करणं, सोसणार नव्हता. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजात अपघातातल्या गाडीचं एमटूडीआयसीआर हे महिंद्राचंच कॉमन रेल इंजिन बसवून घेतलं.

दोन्ही इंजिनं 2523 सीसी, चार सिलिंडरचीच. पण जुन्याचा डिझेल पंप मेकॅनिकल, नव्यात कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल देणारी एकच नळी), टर्बो आणि सगळ्यांच्या डोक्यावर इसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. त्यामुळे इंजिन फाउंडेशनवर टेकवणं कुठलाही चांगला फिटर करेल. खरी परीक्षा वायरिंगवाल्याची, आणि इथला वायरिंगवाला अस्सल हुन्नरी निघाला. जमिनीवर पोतं अंथरून त्याने अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, पसरला, एकेका कनेक्टरला चिकटपट्टी लावून पेनाने नाव घातलं: क्रँक, कॅम, रेल, पेडल. अर्थिंगच्या जागी चासीचा रंग कानशीने घासला तो लोखंड चकाकेपर्यंत. इमोबिलायझर (ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन चालू होऊ न देणारं चोरीविरोधी कुलूप) अडू नये म्हणून इसीएमबरोबर त्याच गाडीची किल्लीही आधीच मागवून ठेवली होती. अजूनपर्यंत चेक लाइट पेटलेली नाही.

टाकी धुण्याचे पैसे वेगळे लावले तेव्हा मी जरा कुरकुरलो. मिस्त्री म्हणाले, "मालक, जुनं इंजिन काय बी पचवायचं. ह्ये लाडाचं हाय, गंज आत गेला की इंजेक्टर गेलं." टाकीतून निघालेला लाल गाळ बघितल्यावर मुकाट पैसे दिले.

घाट चढताना फरक कळतो. जिथे दुसरा गिअर टाकून धूर ओकत रांगायचो, तिथे आता भरलेली गाडी तिसऱ्यावर निघते. अ‍ॅव्हरेजही लिटरला दीड-दोन किलोमीटरने वाढलं.

रेडिएटरच्या बाबतीत मात्र गॅरेजवाल्यांनी अंगचोरी केली. जुनाच ठेवला, आणि एप्रिलच्या उन्हात पेट्या भरून येताना काटा लालकडे सरकला. नंतर नवीन कोअर टाकून दिला, मजुरी घेतली नाही, पण माझा एक फेरा बुडाला तो बुडालाच. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडलही थोडं उजवीकडे आलंय, चप्पल घालून गाडी चालवणाऱ्याला खटकेल.

सगळं धरून 1 लाख 40 हजार गेले. स्वस्त नाही, पण नव्या गाडीच्या हप्त्यांपुढे परवडलं.

कागदपत्रांत हे गॅरेजवाले ढिले आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची आधी मंजुरी लागते, आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागतो. मी मंजुरी काढूनच गाडी गॅरेजात घातली होती, तरी पुढे नंबर चढवायच्या वेळी यांनी वहीच्या पानावरचं कच्चं बिल हातात ठेवलं. इंजिन नंबर घातलेलं पक्कं बिल आणि ज्या गाडीचं इंजिन आहे तिचे कागद मागून मागून घ्यावे लागले. तेव्हा अ‍ॅडव्हान्स देण्याआधीच हे बोलून घ्या. आणि गुऱ्हाळं सुरू व्हायच्या आधी जा, नंतर उसाचे ट्रॅक्टर रांगेत असतात.