वॅगनआर १.० पेट्रोल: धुळे-जळगाव रस्त्यावरचं खरं ॲव्हरेज

बियाण्यांच्या कामासाठी माझी गाडी धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव अशी पळत असते, मधूनच साक्री. गाडी वॅगनआर, एक लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअर. कंपनीचा आकडा लिटरला २४.३५, पण तो रोलरवर गाडी चालवून काढलेला. कोणीही भेटलं की पहिला प्रश्न, "ॲव्हरेज किती देते भो?" माझं उत्तर एकच: काटा कुठे ठेवतो त्यावर.

पाचव्या गिअरमध्ये ७५-८० ला, एसी लावून, २२ च्या आसपास पडतं. शंभरच्या पुढे दामटली की १७. स्क्रीनवरच्या आकड्यावर मी जात नाही. टाकी फुल ते टाकी फुल, पंप तोच, आणि नोझलनं पहिल्यांदा टक् केलं की थांबायचं. पंपावरचा पोरगा "शेठ, राउंड करू का?" विचारणारच. नाही म्हणायचं, नाहीतर सगळा हिशेब वाया.

कारण साधं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० चे १०० केले की तो दीडपटीहून जास्त. त्यात गाडीची उंची १६७५ मिलिमीटर. चढा-उतरायला झकास, आईचे गुडघे खूश, पण हीच उंची वाऱ्याला आडवी येते. पावसाळ्यात साक्रीकडे निघा, पवनचक्क्या गरागरा फिरत असतात आणि वारा थेट तोंडावर. काटा ८० दाखवतो, पण वारा तीसचा असेल तर गाडीला हवा एकशे दहाचीच लागते. येताना पाठीवर वारा असतो, पण जाताना गेलेलं सगळं काही वसूल होत नाही.

म्हणून चाळीसनं रांगायचं का? तेही नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिन फिरतं भरपूर आणि अंतर कापतं थोडंच. काच उघडून एसी वाचवणं गावात ठीक, हायवेवर उघड्या काचेतून घुसणारी हवाच गाडीला मागे ओढते. आणि मे महिन्यात जळगावकडे काच उघडणार तरी कोण?

धुळे-जळगाव नव्वदेक किलोमीटर. ८० ऐवजी १०० नं गेलात तर कागदावर तेरा-चौदा मिनिटं वाचतात, जातं लिटरभर पेट्रोल. ती मिनिटंही आकाशवाणी चौकात गर्दी असली की तिथेच संपतात.

रोज हायवेवर एकशे दहानं पळायचं असेल तर बुटकी सेडान बघा. ८० वर समाधानी असाल तर ही बिनधास्त घ्या. फक्त टायरमधली हवा दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे ठेवा, पंपवाला अंदाजानं भरतो तशी नको. आमचा शालक वर कॅरिअर बसवू म्हणतोय. त्याला सांगितलं, स्वतःची गाडी घे आणि तिच्यावर बसव.