मायक्रोबिट व्ही२, शाळेतले नऊ महिने : बोर्ड उत्तम, दुखणं सगळं यूएसबीच्या तोंडाशी

तिसऱ्या बोर्डाचं यूएसबी सॉकेट उखडून हातात आलं आणि विक्रेत्याने पहिल्या दोन वेळचंच उत्तर दिलं, ‘फिजिकल डॅमेज वॉरंटीत बसत नाही’, म्हणून हे लिहितोय. वीस बोर्ड, सातवी-आठवीचे दोन गट, आठवड्याला दोन तास, जून ते फेब्रुवारी. मायक्रोबिट म्हणजे मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचा छोटा संगणक-बोर्ड. त्यावर ए आणि बी ही दोन बटणं, दिव्यांचा छोटा पडदा आणि कडेला तारा जोडायच्या पट्ट्या म्हणजे पिना असतात. व्ही२ ही त्याची दुसरी आवृत्ती.

राग कशाचा, तर २०१६ साली ब्रिटनमध्ये हा बोर्ड अकरा-बारा वर्षांच्या मुलांना फुकट वाटण्यासाठी बनला, तोही दहा लाखांच्या आसपास. म्हणजे ही वस्तू मुळातच लहान हातांसाठी. २०२० मध्ये व्ही२ आला. स्पीकर आला, माइक आला, लोगोला स्पर्श कळू लागला, रॅम १६ केबीवरून १२८ केबीवर गेली. सॉकेट मात्र तेच जुनं मायक्रो यूएसबी, बोर्डाच्या कडेवर उघडं. या प्लगला खालून दोन बारीक आकडे असतात, ते सॉकेट घट्ट धरून ठेवतात. मुलं केबल सरळ न ओढता वर-खाली हलवत काढतात, आणि सगळा जोर सॉकेटच्या डाखांवर येतो. एका तासात प्रत्येक बोर्डाची केबल चार-पाच वेळा निघते. दीड-दोन हजारांचा बोर्ड अशा एका भागापायी जायला नको.

त्यात केबलचा दुसरा त्रास. घरून आणलेल्या निम्म्या केबली नुसत्या चार्जिंगच्या निघतात. आत लाल-काळ्या दोनच तारा, डेटाच्या हिरव्या-पांढऱ्या नाहीतच. बोर्डावरचा लाल दिवा लागतो, पण संगणकावर मायक्रोबिट नावाचा ड्राइव्ह उगवत नाही. मुलं बोर्ड खराब म्हणतात आणि सॉकेट आणखी हलवून बघतात. उपाय सोपा आहे. प्रत्येक केबल आधी मायक्रो यूएसबीवाला फोन आणि संगणक यांच्यात लावून बघा. फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’चा पर्याय आला तरच ती वर्गात घ्या आणि टोकाला नेलपॉलिशचा ठिपका द्या. ड्राइव्ह आला पण नाव ‘मेंटेनन्स’ असेल, तर केबल लावताना मागचं रिसेट बटण दाबलं गेलंय. केबल काढा, बटणाला हात न लावता परत लावा. बिघाड काही नाही.

सुरुवातीला वाटलं, केबलच नको, ब्लूटूथने फोनवरून प्रोग्राम पाठवू. तेव्हा सगळ्यांना तेच सुचवलंही. ए आणि बी दोन्ही बटणं धरायची, रिसेट दाबून सोडायचं, पडद्यावर नक्षी उमटली की तीच नक्षी ॲपमध्ये भरायची. एका बोर्डाला हे छान चालतं. एका खोलीत वीस बोर्ड एकदम पेअरिंगला लावले की फोन कुठला आणि बोर्ड कुठला, काही कळत नाही. शिवाय प्रोग्राम जायला केबलपेक्षा वेळही जास्त लागतो. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत ते परवडत नाही. तो सल्ला मागे घेतो.

आता जे टिकलंय ते असं. मायक्रो टोक कधी काढायचंच नाही, काढायचं ते संगणकाकडचं मोठं टोक. सनबोर्डचा दहा बाय पंधरा सेंटीमीटरचा तुकडा घ्या. बोर्ड साधारण ५२ बाय ४२ मिलिमीटरचा आहे, तो मधोमध दुतर्फी फोम टेपने बसवा, पण मागचं रिसेट बटण मोकळं राहील अशी खाच आधी कापा. केबल लावा, सॉकेटपासून पाच सेंटीमीटर सैल वळण सोडा आणि तिथे दोन भोकं पाडून झिप टायने केबल सनबोर्डला आवळा. आता कितीही हिसका बसला तरी तो टायवर येतो, सॉकेटला कळतही नाही. टाय सॉकेटला अगदी चिकटून मारू नका. वळण उरलं नाही तर प्लग कायम तिरपा दाबलेला राहतो आणि महिन्याभरात तेच दुखणं पुन्हा.

संगणकाशिवाय बोर्डाला वीज देणाऱ्या सेलच्या डबीचा जोडही तारांना धरून ओढला की निघून येतो. म्हणून स्विच असलेलीच डबी घ्या, म्हणजे तो जोड काढावा लागत नाही. सेल अल्कलाइनच घ्या. स्वस्त सेलवर स्पीकर वाजला की व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रिसेट होतो. मोबाइलची जुनी लिथियम बॅटरी थेट जोडू नका. पूर्ण चार्ज असताना ती ४.२ व्होल्ट देते आणि बोर्डाची मर्यादा ३.६ आहे. छोटी सर्वो मोटरही (ठरवलेल्या कोनात फिरणारी) बोर्डाच्या ३ व्होल्ट पट्टीवर चालवू नका. तिला वेगळे सेल द्या, ग्राउंड (ऋण तार) मात्र एकत्र जोडा.

कुंडीतल्या ओलाव्याचा प्रयोग मुलांना फार आवडतो. दोन खिळे, दोन क्रोकोडाइल क्लिप. एक खिळा पिन ० ला जातो, दुसरा बहुतेक जण ३ व्होल्टला जोडून तसाच ठेवतात. मग सतत करंट वाहून धन बाजूचा खिळा आठवड्यात गंजून काळा पडतो आणि आकडे घसरत जातात. त्याऐवजी तो दुसरा खिळा पिन १ ला जोडा. मोजायच्या वेळी पिन १ चालू करा, क्षणभर थांबा, पिन ० चा आकडा वाचा, पिन १ लगेच बंद करा. आकडा ० ते १०२३ मध्ये येतो. आधी एकदा कोरड्या आणि एकदा भिजलेल्या मातीत वाचन घ्या, कुंडीला पाणी कधी द्यायचं ते त्यावरून ठरवा. प्रोग्राममधल्या तापमानाच्या ब्लॉकवर मात्र विज्ञानाच्या वहीत लिहिण्याइतका भरवसा ठेवू नका. तो चिपचं तापमान सांगतो, खोलीचं नाही.

आता त्या तीन बोर्डांचं. दोघांच्या तांब्याच्या पट्ट्या शाबूत होत्या. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नवीन सॉकेट डाखून घेतलं, दोन्ही चालतात. तिसऱ्याच्या पट्ट्याच उपटल्या, तिथे डाख धरत नाही. पण त्याची चिप ठणठणीत आहे. तो आता सेलवर चालतो आणि त्याला प्रोग्राम ब्लूटूथनेच जातो. बाकीचे बोर्ड बंद असले की पेअरिंगचा गोंधळ होत नाही, म्हणून तो कुंडीजवळ कायमचा बसवलाय. मागे घेतलेला सल्ला त्या एका बोर्डापुरता परत देतो.

पुढच्या खरेदीत बोर्डांइतक्याच डेटाच्या केबली, झिप टायचं एक पाकीट आणि स्विचवाल्या डब्या मागवा, आणि मुलांच्या हातात बोर्ड द्यायच्या आधी सगळे सनबोर्डवर चढवून घ्या.