४३५ चे ५३५ : कॅनडाच्या पीआरच्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं

परभणी, नांदेड, लातूर, जालना, बीड, कुठल्याही गावात ज्यांचं लेकरू कॅनडात शिकून आता तिथं नोकरी करतंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. व्हिसाच्या वेळी फसवणाऱ्या एजंटांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. आम्हाला गंडवणारा त्याच्या पुढच्या टप्प्यावर, पीआरच्या म्हणजे तिथं कायमचं राहायच्या परवानगीच्या वेळी भेटला, आणि तो अनोळखी नव्हता.

माझा धाकटा भाऊ २०२२ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतून बी.ई. मेकॅनिकल झाला आणि त्याच सप्टेंबरात ओंटारिओतल्या एका सरकारी कॉलेजात दोन वर्षांच्या डिप्लोम्याला गेला. ती फाईल शहरातल्या एका कन्सल्टन्सीनं केली होती आणि चोख केली होती. कॉलेज खरं, व्हिसा खरा, पावतीही खरी. २०२४ मध्ये डिप्लोमा झाला, तीन वर्षांचं वर्क परमिट मिळालं आणि तो एका वर्कशॉपात मशिनिस्ट म्हणून लागला. जुलै २०२५ मध्ये नोकरीला वर्ष झालं. पुढच्याच आठवड्यात कन्सल्टन्सीच्या सरांचा अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, सेलूला फोन. "काका, लेकराचं वर्ष भरलं ना? आता पीआरचं बघू."

वर्ष भरल्याचं महत्त्व खरंच असतं. तिथं शिकलेल्या मुलांसाठी एक्स्प्रेस एंट्रीमध्ये, म्हणजे गुणांवर पीआर देण्याच्या सरकारी पद्धतीत, कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास नावाचा रस्ता आहे. मागच्या तीन वर्षांत कॅनडातल्या कुशल कामाचं एक वर्ष, म्हणजे किमान १,५६० तास, आणि इंग्रजी किंवा फ्रेंचची परीक्षा झालेली असली की प्रोफाईल टाकता येतं. कॉलेज चालू असताना केलेली पार्ट-टाइम नोकरी त्यात धरत नाहीत. प्रोफाईलला वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांवरून गुण मिळतात, सरकार ड्रॉ काढतं, आणि कटऑफच्या वर असणाऱ्याला अर्जाचं निमंत्रण येतं. प्रोफाईल टाकायला एक रुपयाही लागत नाही. निमंत्रण आल्यावर एकट्या माणसाची सरकारी फी २०२५ मध्ये १,५२५ डॉलर होती, आपले लाखाच्या आसपास.

भावाचे गुण होत होते ४३५. २०२५ मधल्या या क्लासच्या ड्रॉची कटऑफ पाचशेच्या बरीच वर होती. म्हणजे पात्र आहे, पण नंबर लागत नाही. हजारो मुलं आज याच जागी अडकलीत, वर्क परमिटची तारीख जवळ येतेय, आणि एजंटचं दुकान नेमकं इथंच चालतं.

अण्णा ऑफिसात गेले तेव्हा सरांनी पॅडवर हिरव्या पेननं हिशेब मांडून दिला. तो कागद माझ्याकडे आहे. ४३५, त्याखाली "एलएमआयए जॉब लेटर + ५०", त्याखाली "प्रोफाईल स्ट्राँग + ५०", रेघ, आणि ५३५ भोवती गोल. फी सात लाख. साडेपाच एलएमआयएचे, दीड फाईलचे. अण्णांनी आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या, उरलेले मामांनी दिले. निम्मे रोख, निम्मे यूपीआयनं, तेही कन्सल्टन्सीच्या नव्हे, कुणा बाईच्या खात्यावर. पावतीवर लिहिलंय "करिअर मार्गदर्शन शुल्क". या तीन शब्दांनी पुढे किती छळलं ते सांगते.

आधी पहिले ५०. एलएमआयए म्हणजे तिथल्या मालकानं सरकारकडून घ्यायची परवानगी, की या कामाला मला इथला माणूस मिळत नाहीये. त्याची एका जागेची फी हजार डॉलर आणि ती मालकानंच भरायची, कामगाराकडून वसूल करायलाच बंदी आहे. म्हणजे एलएमआयए विकत घेणं हा मुळात गुन्ह्यातला व्यवहार. पण आमच्या सरांनी त्याच्याही पुढची मजल मारली. नोकरीच्या ऑफरचे जे ५० गुण मिळायचे ते कॅनडा सरकारनं २५ मार्च २०२५ पासून काढूनच टाकले, ते याच विक्रीला वैतागून. आमच्याकडून पैसे घेतले ऑगस्टमध्ये. जे गुण उरलेच नव्हते ते साडेपाच लाखांना विकले. मला इतकी चीड दुसऱ्या कशाची आली नाही.

दुसरे ५० कसे आणणार होते ते कळलं एका पीडीएफवरून. सरांनी ती भावाला पाठवली आणि खाली लिहिलं, "हे वाचून ठेव, ऑफिसरनं विचारलं तर सांगता आलं पाहिजे." भाऊ रात्रपाळीत होता, त्यानं न उघडताच मला पाठवली. अनुभवाचं पत्र होतं. वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत त्यानं जून २०१९ ते मे २०२२ पूर्णवेळ प्रॉडक्शन इंजिनियर म्हणून काम केलं, पगार इतका, कामाचं स्वरूप असं. त्या तीन वर्षांत पोरगं कॉलेजात होतं, आणि लॉकडाऊनचे कित्येक महिने सेलूत अण्णांबरोबर सोयाबीनच्या रानात.

पण खरी गंमत लेटरहेडवर होती. पत्राची तारीख ३१ मे २०२२, आणि वर छापलेल्या पत्त्यात शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर. शहराच्या या नावाला केंद्राची मंजुरी आली फेब्रुवारी २०२३ मध्ये. "छत्रपती" शब्द लावून ठराव झाला तोही जुलै २०२२ चा. कंपनीला पुढचं दिसत होतं म्हणायचं! माझे मिस्टर पत्त्यावर जाऊन आले. प्लॉटवर पत्र्याचं शेड, कुलूप, बोर्ड नाही.

हे पत्र निमंत्रण आल्यावर अपलोड करायचं असतं, पण प्रोफाईलमध्ये ती तीन वर्षं आधीच भरलेली होती. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती देणाऱ्यावर कलम ४० लागतं आणि पाच वर्षं दार बंद होतं. ते दार एजंटचं बंद होत नाही. सरांनी स्वतःला प्रतिनिधी म्हणून कुठंच दाखवलं नव्हतं. सरकारी नोंदीत अर्ज भावानं स्वतःच भरलेला, फक्त खात्याचा ईमेल सरांचा, पासवर्ड सरांचा, गुप्त प्रश्नांची उत्तरंही सरांची. मागितला तर म्हणे, "फाईल लॉक असते." असं काही नसतं. खातं अर्जदाराचं असतं आणि तो हवं तेव्हा उघडून बघू शकतो. जो एजंट लॉगिन देत नाही, त्याला तुमच्या नावानं काय भरलंय ते तुम्हाला दाखवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग मी त्यांचा परवाना शोधला. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला देणारा एक तर तिथला वकील हवा, नाही तर तिथल्या इमिग्रेशन कन्सल्टंटांच्या कॉलेजाचा सदस्य. हे कॉलेज म्हणजे नियामक संस्था, २०२१ मध्ये सुरू झालेली. सदस्यांची यादी तिच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते, नाव टाकलं की दिसतं. सर त्यात नव्हते. ऑफिसच्या भिंतीवर सोनेरी फ्रेममध्ये जे सर्टिफिकेट लावलंय, ज्याच्याकडे बघून अण्णांना धीर आला होता, ते शॉप अ‍ॅक्टचं आहे. किराणा दुकानालाही तेच मिळतं.

भाऊ वाचला तो निमंत्रण आलं नव्हतं म्हणून. त्यानं कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबफॉर्मवरून सगळं कळवलं, पत्राची प्रत जोडली, ते प्रोफाईल मागे घेतलं आणि स्वतःच्या ईमेलवरून नवं टाकलं. गुण पुन्हा ४३५. मग मी त्याच्याबरोबर गुणांचा तक्ता घेऊन बसले. मी शाळेत गणित शिकवते, एवढं तर जमतं. कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवर त्याची इंग्रजीची पातळी आठ होती. चारही भागांत नऊ केली तर ३२ गुण वाढतात. नोकरीची दोन वर्षं पूर्ण झाली की आणखी १३. झाले ४८०, सात लाखांशिवाय. तरी कटऑफ गाठत नाही, हे खरं. पण तिथल्या एखाद्या प्रांतानं, म्हणजे राज्यानं, नामनिर्देशन दिलं तर ६०० गुण एकदम मिळतात, आणि फ्रेंच येणाऱ्यांचे वेगळे ड्रॉ २०२५ मध्ये चारशेच्या आसपासही उतरलेत. त्यानं फ्रेंचचा क्लास लावलाय. होईलच असं कुणी सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडून पावती नीट वाचून घ्या.

पावतीवरून आठवलं. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो तेव्हा साहेबांनी पहिला प्रश्न तोच केला, "यात पीआर कुठं लिहिलंय?" मार्गदर्शन शुल्क घेतलं, मार्गदर्शन केलं, असं ते म्हणणार. कामी आला तो हिरव्या पेनचा कागद, यूपीआयचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज. तक्रार घेतलीय, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), म्हणजे जुनं ४२०. रोख दिलेल्या साडेतीन लाखांचा मात्र कुठंच माग नाही. तुमचा व्यवहार चालू असेल तर रोख देऊ नका, आणि फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी "आज तुम्ही असं असं म्हणालात" असा मेसेज टाकून ठेवा. चॅट डिलीट करू नका, कितीही राग आला तरी.

पैसे अजून मिळालेले नाहीत. सरांचं ऑफिस हललंय, नव्या पाटीवर कॅनडाऐवजी जर्मनीचा झेंडा आहे. जिंतूरच्या आमच्या ओळखीतल्या एकांनी मुलासाठी तिथं पन्नास हजार टोकन भरल्याचं कळलं, म्हणून मी त्यांना फोन केला. पत्र, लेटरहेड, शॉप अ‍ॅक्ट, सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते कॅनडाचं झालं ताई. पण जर्मनीचं काम तरी नीट करतो का तो?"