पेलेट स्टोव्हचा धूर: ३ इंची पाइप की ४ इंची?

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या लेडव्हिलला, ३,००० मीटरच्या वर, घर असेल आणि त्यात पेलेट स्टोव्ह (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या जाळणारी, पंख्याने हवा ओढणारी शेगडी) लावायचा असेल, तर हा प्रश्न पडतोच.

हिशेब असा: पाइपचा प्रत्येक भाग धुराला किती अडवतो ते फुटांत मोजायचं. काटकोनी एल्बो (वळण) किंवा टी (T आकाराचा जोड) प्रत्येकी ५ फूट, आडवा पाइप फुटाला १, उभा फुटाला अर्धा. बेरीज १५ च्या आत असेल तर सखल भागात ३ इंची पुरतो. उंचीवर हवा विरळ. तेवढ्याच ऑक्सिजनसाठी पंख्याला जास्त हवा ओढावी लागते आणि अरुंद पाइप तिला अडवतो. ज्योत मंद, नारिंगी होते, काच काळवंडते. म्हणून बऱ्याच मॅन्युअलमध्ये ३,००० फुटांपुढे (सुमारे ९०० मीटर) ४ इंचीच सांगितलेला असतो.

४ इंची महाग, भिंतीतलं भोकही मोठं. राख दोन्हींत साचते. ती काढायला टीला झाकण हवंच.

डोंगरातल्या घराला ४ इंची, शक्यतो उभा: वीज गेली तरी धूर आपोआप वर जातो. समुद्रसपाटीजवळ, थेट भिंतीतून बाहेर काढायचा असेल तर ३ इंची.