फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मला २८,३२० रुपयांना विकलं: सांगली-मिरज-कुपवाडकरांनी हे वाचाच

आधी आकडा सांगतो. असं काही लिहिताना लोक रक्कम गिळून टाकतात आणि मग वाचणाऱ्याला त्याचं गांभीर्य कळत नाही. सॉफ्टवेअरचे १८,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,३३०, असे २१,८३०. पुढं ‘स्पीड पॅक’चे ५,५०० आणि जीएसटी ९९०, म्हणजे ६,४९०. एकूण २८,३२० रुपये. बदल्यात काय मिळालं? व्हीसीएक्सएसआरव्ही नावाचं, लांबच्या लिनक्स मशीनवरचे प्रोग्राम आपल्या विंडोजच्या पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर, जे कुणीही इंटरनेटवरून एक पैसा न देता उतरवून घेऊ शकतो. वरचं नाव आणि चित्र तेवढं बदललेलं.

मी विश्रामबागेत घरून काम करतो. कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांना कास्टिंगचं सिम्युलेशन करून देतो. सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर पुण्यातल्या एका लिनक्स सर्व्हरवर चालतं. माझ्याकडं साधा विंडोजचा कॉम्प्युटर, त्यामुळं तिकडच्या खिडक्या इकडं माझ्या पडद्यावर दिसायला हव्यात. त्यासाठी एक्स सर्व्हर लागतो. पूर्वी पुण्यात नोकरी करत होतो तेव्हा कंपनीत एक्सीड नावाचा एक्स सर्व्हर होता, तो विकतचाच होता आणि स्वस्त नव्हता. म्हणून कुणी १८,५०० म्हटल्यावर मला धक्का बसला नाही. मी धातूचा माणूस आहे. वितळलेलं बीड साच्यात कसं थंड होतं ते मला विचारा. कॉम्प्युटरची जुळवाजुळव कंपनीचे लोक करून द्यायचे.

मला हे विकणाऱ्या माणसाचा नंबर मिळाला एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर, ओळखीच्याच लोकांच्या. बोलणं गोड, प्रत्येक वाक्यात ‘सर’. कुपवाडातल्या कारखान्यांची नावं तोंडपाठ. ‘आमच्या टीमनं पुण्यात बनवलेलं प्रॉडक्ट आहे सर, लाइफटाइम.’ बिलही आलं छापील: सर्व्हर परवाना ९,५००, क्लायंट परवाने ३, प्रत्येकी ३,००० प्रमाणे ९,०००.

हा क्लायंट परवाना म्हणजे शुद्ध लूट आहे, आणि ती कशी चालते ते नीट समजून घ्या. एक्स विंडो ही पद्धत १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली, आज चालते ती एक्स ११ ही आवृत्ती १९८७ ची. तिच्यात पडदा, कीबोर्ड आणि माउस सांभाळतो तो सर्व्हर, म्हणजे सर्व्हर चालतो तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर. लांबच्या मशीनवर चालणारा प्रत्येक प्रोग्राम हा क्लायंट. तो तिकडं आधीच बसवलेला असतो. त्याच्या खिडक्या इकडं दाखवायला परवाना कसला घ्यायचा? तीन खिडक्या उघडा नाहीतर तीस. या भामट्याला हे पक्कं ठाऊक होतं, आणि ‘सर्व्हर’ म्हटल्यावर माणूस खिसा सैल सोडतो हेही ठाऊक होतं.

आता तो क्षण, ज्याच्यावरून अजूनही रात्री डोकं तापतं. इन्स्टॉल करायला त्यानं माझा कॉम्प्युटर लांबून ताब्यात घेतला. माउस आपोआप फिरत होता, मी बघत बसलेलो. सॉफ्टवेअर पहिल्यांदा सुरू झालं तशी विंडोजच्या फायरवॉलची चौकट आली, परवानगी देऊ का म्हणून. त्या चौकटीत नाव होतं व्हीसीएक्सएसआरव्ही विंडोज एक्ससर्व्हर. त्याच्या प्रॉडक्टचं नाव कुठंच नव्हतं. घरचा आणि सार्वजनिक, दोन्ही नेटवर्कच्या चौकोनांत त्यानं टिक मारली. मी विचारलं नाही असं नाही! लगेच विचारलं, ‘हे नाव वेगळं कसं?’ म्हणाला, ‘आतलं इंजिन आहे सर, मारुतीत सुझुकीचं असतं ना, तसं.’ मला दुसऱ्या दिवशी एका फाउंड्रीला रिपोर्ट द्यायचा होता, त्यांचा साचा अडकलेला होता. अशा वेळी समोरचा न अडखळता उत्तर देत असेल तर तुम्ही काय केलं असतं? तीच चौकट वाचून ते नाव जरी नेटवर टाकलं असतं, तरी पैसे जायच्या आधी सगळं उघडं पडलं असतं. पैसे तर त्यानंतरच दिले. तेही यूपीआयवर कंपनीच्या नावानं नाही, एका व्यक्तीच्या नावानं गेले. ‘करंट अकाउंटचं काम चालू आहे सर.’ हे वाक्य कानावर पडलं की फोन ठेवून द्या.

आणखी एक टिक त्यानं मारली, ती जास्त वाईट. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्सेस कंट्रोल बंद करा’ असा पर्याय असतो, तो त्यानं चालू करून ठेवला. म्हणजे त्याच वायफायवरचा कुणीही माझ्या पडद्याला जोडून घेऊ शकत होता, आणि एक्सला जोडलेला प्रोग्राम एक्सच्याच दुसऱ्या खिडकीत टाइप केलेलं वाचू शकतो, पासवर्डसुद्धा. एसएसएचमधून, म्हणजे लांबच्या मशीनला जोडणाऱ्या सुरक्षित मार्गानं जोडणी करत असाल तर त्या टिकची गरजच नाही. पुट्टी हे एसएसएचचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात एसएसएचखाली एक्स ११ फॉरवर्डिंग चालू करा, पत्ता लोकलहोस्टचा, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरचा द्या, झालं काम.

मग ‘स्पीड पॅक’. सांगलीहून पुण्याच्या सर्व्हरवर एक मेन्यू उघडायला इतका वेळ लागायचा की चिडचिड व्हायची. त्यात लाइट गेली, राउटर बंद पडला की उघडलेल्या सगळ्या खिडक्या गायब. चिकाटीनं बसून केलेलं मेशिंग, म्हणजे सिम्युलेशनसाठी कास्टिंगचे बारीक तुकडे पाडण्याचं काम, वाया जायचं. तक्रार केली तर म्हणे बूस्टर घ्या. घेतला. काय होतं त्यात? एसएसएचच्या कमांडमध्ये कॉम्प्रेशनचा, म्हणजे माहिती दाबून लहान करून पाठवायचा एक पर्याय, मोठा ‘सी’. एक अक्षर, ६,४९० रुपये!

खरं कारण असं की एक्सची भाषाच बडबडी आहे. प्रत्येक गोष्टीला इकडून तिकडं विचारणा आणि उत्तर. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर ते जाणवत नाही, ब्रॉडबँडवर लगेच जाणवतं. लांबून अख्खा डेस्कटॉप हवा असेल तर टायगरव्हीएनसी किंवा एक्सटूगो बघा, दोन्ही फुकट. त्यात सगळं तिकडंच चालू राहतं. तुमची लाइट जाऊ दे, पुन्हा जोडलं की काम जिथं होतं तिथं. फक्त व्हीएनसी उघड्यावर ठेवू नका, एसएसएचच्या बोगद्यातूनच न्या. पुण्याच्या अॅडमिननं मला आता असंच करून दिलंय आणि माझी जुनी तक्रार ऐकून ते म्हणाले, आधी मला का नाही विचारलंत. मी कुणाकुणाला विचारायचं?

उघडकीला आणलं मिरजेच्या भाच्यानं. सुट्टीला आला होता. टास्कबारमधल्या चित्रावर माउस नेला, फोल्डर उघडलं आणि म्हणाला, ‘मामा, हे तर फुकट आहे. परवान्याची फाइलपण यातच पडलीय.’ वर म्हणाला, तुमचं विंडोज ११ आहे, त्यात लिनक्सची सोय बसवली की एक्स सर्व्हर वेगळा लागतसुद्धा नाही. मॅकवाल्यांना एक्सक्वार्ट्झ फुकट. विंडोजसाठी एक्समिंगची जुनी आवृत्ती फुकट, नवीन देणगी दिल्यावर. मोबाएक्सटर्मची घरगुती आवृत्ती फुकट, व्यावसायिक विकत. विकत घ्यायला माझी ना नाही, पण बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, मधल्या दलालाकडून नको.

आता सरकारी दारांबद्दल. एका पोलीस ठाण्यात गेलो. ड्यूटीवरच्या साहेबांनी पहिला प्रश्न केला, ‘अहो, सॉफ्टवेअर चालतंय ना? मग फसवणूक कुठली?’ मी बिल दाखवलं, भाच्यानं काढलेले स्क्रीनशॉट दाखवले. म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, वकील बघा. तिथनं दुसऱ्या टेबलाकडं, तिथनं ‘तुमची हद्द आमची नाही’. हद्द नसली तरी झिरो एफआयआर घेता येतो, हे मी त्यांना सांगायचं? खोटं सांगून पैसे काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, हे कागदावर लिहून नेलं होतं. कागद वाचलाही नाही, बाजूला सरकवला. बँकेत गेलो तर ‘पिन तुम्हीच टाकलात’. एवढंच. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. ज्याचे पैसे गेले त्यालाच गुन्हेगारासारखं उभं करतात. बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक आजोबा होते, त्यांची पेन्शन गेलेली. त्यांनाही तेच, उद्या या. उद्याच यायचं असेल तर ती कार्यालयं उघडी कशाला ठेवायची?

पोलिसांच्या म्हणण्यात एवढंच तथ्य आहे की फुकट परवान्याचं सॉफ्टवेअर पैसे घेऊन देणं हा आपोआप गुन्हा होत नाही, तो परवाना पैसे घ्यायला मनाई करत नाही. पण मूळ नाव झाकून ‘आम्ही बनवलं’ म्हणणं, अस्तित्वात नसलेले क्लायंट परवाने विकणं, खोट्या क्रमांकावर जीएसटी उकळणं, याला काय म्हणायचं? बिलावरचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होतो. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, २९ कर्नाटकाचा. पत्ता पुण्याचा, कर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकल्यासारखा, निम्मा केंद्राचा निम्मा राज्याचा लावलेला, प्रत्येकी १,६६५. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता क्रमांक तपासता येतो. तपासला, असा क्रमांकच नाही. पैसे देण्याआधी हे तपासा, मिनिटभराचं काम आहे.

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, उशीर झाला की रक्कम पुढं सरकते. लांबून ताबा घ्यायला दिलेलं सॉफ्टवेअर त्याच दिवशी काढून टाका. माझ्याकडं त्यानं कायमचा पासवर्ड घालून ठेवला होता. सगळे पासवर्ड बदला, आणि ते दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदला.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ‘धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू धंद्यासाठी घेतली असं धरत नाहीत. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं. एकाच माणसानं फसवलेल्यांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रारही करता येते. कुपवाडात आणखी लोकांनी याच्याकडून घेतलंय, ग्रुपवर त्यांनीच त्याची वाहवा केली होती. तुमच्या बिलावर पुण्याचा पत्ता आणि २९ ने सुरू होणारा क्रमांक असेल तर ते बिल, यूपीआयची पावती आणि त्याच्याशी झालेलं चॅट काहीच पुसू नका. चॅटची प्रत काढून ठेवा आणि त्याच ग्रुपवर मला कळवा.